पॉपिन्स (टंक)

पॉपिन्स हा देवनागरी आणि रोमन या दोन्ही लिपींसाठी तयार केलेला भौमितिक सॅन्स-सेरिफ प्रकारातील टंक आहे. अहमदाबाद येथील इंडियन टाइप फाउंड्री या संस्थेने तो २०१४ मध्ये प्रकाशित केला. त्यातील देवनागरी अक्षरांची रचना निनाद काळे यांनी, तर रोमन अक्षरांची रचना जॉनी पिनहॉर्न यांनी केली आहे. हा टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध असून गूगल फॉन्ट्स या संग्रहातून विनामूल्य मिळतो. संकेतस्थळे, मोबाइलवरील अ‍ॅप, जाहिराती, सादरीकरणे आणि फलक यांसाठी तो मोठ्या प्रमाणावर वापरला जातो.

वर्तुळ, सरळ रेषा आणि जवळजवळ एकसारखी जाडी ही या टंकाची ठळक लक्षणे आहेत. रोमन लिपीत अशा रचनेची परंपरा १९२० च्या दशकापासून आहे. देवनागरीत मात्र अनेक जाड्यांमध्ये उपलब्ध असलेला या प्रकारचा टंक पॉपिन्सपूर्वी नव्हता, असे त्याच्या प्रकाशकांचे म्हणणे आहे. दोन्ही लिपींची अक्षरे एकाच तत्त्वावर आणि परस्परांच्या उंचीचा विचार करून आखलेली असल्यामुळे मराठी व इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी येतो अशा ठिकाणी हा टंक विशेष उपयुक्त ठरतो.

पार्श्वभूमी

भौमितिक सॅन्स-सेरिफ

रोमन अक्षरांच्या रेषांच्या टोकांना असलेल्या लहान आडव्या अथवा तिरप्या फाट्यांना ‘सेरिफ’ म्हणतात. ज्या टंकांत हे फाटे नसतात त्यांना सॅन्स-सेरिफ टंक असे म्हणतात. त्यांपैकी ज्यांची अक्षरे हस्तलेखनाच्या वळणापेक्षा वर्तुळ, त्रिकोण, चौरस आणि सरळ रेषा यांवर आधारलेली असतात, ते भौमितिक सॅन्स-सेरिफ होत. अशा टंकांत ‘ओ’ हे अक्षर जवळजवळ पूर्ण वर्तुळ असते. लहान लिपीतील ‘बी’, ‘डी’, ‘पी’ आणि ‘क्यू’ ही अक्षरे वर्तुळ व उभी रेषा यांच्या जोडणीतून तयार होतात.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीमध्ये ही शैली आकाराला आली. १९१९ मध्ये वायमार येथे स्थापन झालेल्या बाउहाउस या कलाशाळेने अलंकरण टाळून उपयुक्ततेवर भर देणाऱ्या रचनेचा पुरस्कार केला. त्याच वातावरणात पॉल रेनर यांनी फ्युचुरा हा टंक तयार केला आणि फ्रँकफुर्ट येथील बाउअर या टंकशाळेने तो १९२७ मध्ये बाजारात आणला. रेनर स्वतः बाउहाउसमध्ये शिक्षक नव्हते. परंतु त्या चळवळीची तत्त्वे या टंकात स्पष्ट दिसतात. रुडॉल्फ कोख यांचा काबेल हा टंकही त्याच वर्षीचा. पुढे १९७० मध्ये हर्ब लुबालिन आणि टॉम कार्नेझ यांचा आयटीसी अवांत गार्द गॉथिक, तर १९८८ मध्ये अड्रियन फ्रुटिगर यांचा अव्हेनीर हे या परंपरेतील महत्त्वाचे टंक प्रकाशित झाले.

यंत्रयुगाशी जोडलेल्या प्रतिमेमुळे उद्योगांनी ही शैली लवकर स्वीकारली. फोक्सवॅगन या जर्मन मोटार कंपनीची अमेरिकेत १९५९ पासून गाजलेली जाहिरातमाला फ्युचुरा टंकात जुळवलेली होती आणि त्यानंतर अनेक दशके या कंपनीच्या जाहिरातींत फ्युचुरावर आधारित अक्षरे वापरली गेली. १९६९ मध्ये अपोलो ११ मोहिमेतील अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या धातूच्या फलकावरील मजकूरही फ्युचुरा टंकात आहे.

देवनागरी मुद्राक्षरांची परंपरा

देवनागरीच्या छापील अक्षरांचे मूळ बोरूच्या वळणात आहे. तिरप्या कापाच्या बोरूने लिहिताना हात ज्या दिशेने वळतो त्यानुसार रेषा जाड किंवा बारीक होते. या जाड-बारीकपणामुळे अक्षराला भरदारपणा येतो आणि एक अक्षर दुसऱ्यापासून वेगळे ओळखता येते. एकोणिसाव्या शतकात मुंबईतील जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे त्यांच्या सुबक वळणासाठी प्रसिद्ध झाले. त्यांचा प्रभाव मराठी आणि संस्कृत ग्रंथांच्या छपाईवर दीर्घकाळ राहिला.

खिळ्यांच्या छपाईत देवनागरी जुळवणे कष्टाचे होते. मूळ अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांसाठी जुळाऱ्यासमोर शेकडो घरांचे खण असत. एकाच वळणाच्या अनेक जाड्या तयार करायच्या तर हा सर्व संच पुन्हा पुन्हा पाडावा लागे. रोमन टंकांची बारीक, मध्यम, जाड अशी मोठी कुटुंबे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच रूढ झाली असताना देवनागरीत तसे घडले नाही, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण होते. एकसारख्या जाडीची, फाट्यांविना असलेली देवनागरी अक्षरे दुकानांच्या पाट्यांवर आणि चित्रपटांच्या जाहिरातींवर रंगाऱ्यांनी हाताने काढली. परंतु ती त्या त्या फलकापुरती असत.

संगणकीय अक्षरजुळणी आल्यावर पुणे हे मराठी टंकांचे महत्त्वाचे केंद्र बनले. प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅक ही संस्था १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झाली आणि भारतीय भाषांच्या संगणकीय वापरासाठीचे जिस्ट हे तंत्रज्ञान तिच्यामार्फत प्रसारित झाले. पुण्यातीलच मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीची श्रीलिपी ही प्रणाली मराठी छपाई व्यवसायात सर्वदूर पोचली. या काळातील बहुतेक टंकांची संकेतप्रणाली स्वतंत्र होती. त्यामुळे एका टंकात टंकलेला मजकूर दुसऱ्या टंकात उघडल्यास निरर्थक चिन्हे दिसत. युनिकोड प्रमाणाच्या प्रसारानंतर ही अडचण दूर झाली आणि देवनागरीसाठी नव्या टंकांच्या निर्मितीला चालना मिळाली.

निर्मिती आणि प्रकाशन

इंडियन टाइप फाउंड्रीची स्थापना २००९ मध्ये सत्य राजपुरोहित आणि पीटर बिल्याक यांनी केली. भारतीय लिपींसाठी आधुनिक टंक तयार करणे हा संस्थेचा मुख्य व्यवसाय आहे. २०१४ च्या सुमारास गूगल फॉन्ट्स या संग्रहात देवनागरी टंकांची भर पडू लागली. त्या काळात या संस्थेचे हिंद, कलम, तेको, राजधानी, खंड असे अनेक टंक मुक्त परवान्याखाली प्रकाशित झाले. पॉपिन्स हा त्याच मालिकेतील टंक होय.

आरंभी पॉपिन्स पाच जाड्यांमध्ये प्रकाशित झाला होता : लाइट, रेग्युलर, मीडियम, सेमीबोल्ड आणि बोल्ड. पुढे त्याचा विस्तार होऊन थिनपासून ब्लॅकपर्यंत नऊ जाड्या झाल्या. प्रत्येक जाडीचे सरळ आणि तिरपे असे दोन प्रकार असल्यामुळे या कुटुंबात एकूण १८ टंक आहेत. मूळ प्रकाशनातील प्रत्येक टंकात १,०१४ अक्षरचिन्हे असून त्यांत हिंदी, मराठी, नेपाळी इत्यादी भाषांच्या लेखनासाठी लागणाऱ्या जोडाक्षरांचा समावेश आहे.

रचनावैशिष्ट्ये

वर्तुळ आणि रेषा

पॉपिन्सच्या दोन्ही लिपींचा पाया वर्तुळ हा आहे. रोमन अक्षरांत तो सहज दिसतो. लहान लिपीतील ‘ए’ हे अक्षर पुस्तकी टंकांप्रमाणे दुमजली नसून शाळेतील लेखनाप्रमाणे एक वर्तुळ आणि एक दंड असे एकमजली आहे. ‘आणि’ या अर्थाचे रोमन चिन्ह व तत्सम काही आकृत्याही रूढ वळणापेक्षा अधिक आखीव आहेत.

देवनागरीत हेच तत्त्व लागू करणे अधिक अवघड असते. ‘ठ’ हे अक्षर मुळातच वर्तुळाकार आहे. ‘व’, ‘ब’ आणि ‘क’ यांच्या पोटांनाही वर्तुळाचे रूप देता येते. परंतु ‘झ’, ‘ण’, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘अ’ यांसारख्या अक्षरांत कमी जागेत अनेक वळणे येतात. शिवाय शिरोरेघा आणि उभा दंड हे देवनागरीचे दोन स्थिर घटक वर्तुळाला वरून आणि बाजूने बांधून ठेवतात. त्यामुळे कंपास आणि पट्टी यांच्या आधारे प्रत्येक अक्षर तयार करता येत नाही. काही अक्षरे प्रत्यक्ष वर्तुळावर, तर काही अक्षरे त्या वर्तुळांशी सुसंगत दिसतील अशा कमानींवर आधारावी लागतात.

दृष्टीसाठी केलेल्या दुरुस्त्या

भौमितिक टंक म्हणजे केवळ भूमितीच्या आकृत्यांची जुळणी नव्हे. समान उंचीचा चौरस आणि वर्तुळ शेजारी ठेवल्यास वर्तुळ लहान भासते. म्हणून गोल अक्षरे आधाररेषेच्या किंचित खाली आणि वरच्या रेषेच्या किंचित वर काढण्याची पद्धत आहे. समान जाडीच्या आडव्या आणि उभ्या रेषांपैकी आडवी रेषा अधिक जाड दिसते. म्हणून ती थोडी बारीक केली जाते. जेथे वर्तुळ दंडाला मिळते तेथे शाई साचल्यासारखा काळा ठिपका दिसू नये, यासाठी जोडाजवळ रेषा निमुळती करतात. फ्युचुराच्या अंतिम रूपातही अशा दुरुस्त्या आहेत.

पॉपिन्समधील रेषा त्यामुळे पूर्णपणे एकसारख्या जाडीच्या नसून जवळजवळ एकसारख्या जाडीच्या आहेत. रेषा जेथे मिळतात तेथे आवश्यकतेनुसार दुरुस्ती केलेली आहे. परिच्छेदाकडे दुरून पाहिल्यास मजकुराचा करडेपणा सर्वत्र सारखा दिसावा, हा तिचा हेतू आहे.

दोन लिपींच्या उंचीचे नाते

द्विलिपी टंकात सर्वांत महत्त्वाचा निर्णय दोन्ही लिपींच्या परस्पर आकाराचा असतो. देवनागरीला शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांसाठी, तर आधाररेषेखाली उकार, ऋकार आणि खाली जोडल्या जाणाऱ्या अर्ध्या अक्षरांसाठी जागा लागते. रोमन लिपीला एवढी जागा लागत नाही. परिणामी, दोन्ही लिपी एकाच मापाच्या चौकटीत बसवताना मूळ देवनागरी अक्षरे लहान काढण्याकडे कल होतो. अशा टंकात संगणकावर आकारमानाचा आकडा एकच ठेवूनही मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा लहान आणि दुय्यम दिसतो.

पॉपिन्समध्ये मूळ देवनागरी अक्षरांची उंची आणि ‘बी’, ‘डी’, ‘एच’ यांसारख्या लहान लिपीतील उंच रोमन अक्षरांची उंची समान ठेवलेली आहे. रोमनमधील मोठ्या लिपीची अक्षरे देवनागरी अक्षरांपेक्षा बुटकी आहेत. त्याचबरोबर ‘ए’, ‘ओ’, ‘एक्स’ यांसारख्या लहान अक्षरांची उंची बरीच जास्त आहे. या मांडणीमुळे एका ओळीत दोन्ही लिपी आल्या तरी देवनागरी शब्द आकसलेले वाटत नाहीत आणि रोमन शब्दही मध्येच खोल गेल्यासारखे दिसत नाहीत.

जाड्यांचा विस्तार

रोमन अक्षरे जाड करताना आतील मोकळी जागा कमी होते. देवनागरीत ही समस्या अधिक तीव्र असते, कारण एकाच उभ्या रांगेत मात्रा, शिरोरेघा, अक्षराचे पोट आणि उकार असे चार घटक एकावर एक येऊ शकतात. सर्व रेषा सारख्याच जाड केल्यास आतील पोकळ्या बुजतात. यासाठी जाड टंकांत शिरोरेघा आणि इतर आडव्या रेषा उभ्या दंडापेक्षा बारीक ठेवाव्या लागतात. थिन आणि ब्लॅक ही या कुटुंबाची दोन टोके मोठ्या आकारातील शीर्षकांसाठी योग्य आहेत. सलग मजकुरासाठी रेग्युलर आणि मीडियम, तर उपशीर्षकांसाठी सेमीबोल्ड यांचा वापर प्रामुख्याने होतो.

तिरप्या अक्षरांची स्वतंत्र परंपरा देवनागरीत नाही. इंग्रजीत ग्रंथनामासाठी किंवा भर देण्यासाठी तिरपे अक्षर वापरतात. मराठी छपाईत त्यासाठी अवतरणचिन्हे किंवा जाड ठसा वापरण्याची रीत आहे. त्यामुळे मराठी मजकुरात या कुटुंबातील तिरप्या प्रकारांपेक्षा जाड्यांमधील फरकाचा उपयोग अधिक होतो.

मराठी लेखनाच्या दृष्टीने

देवनागरी लिपी समान असली तरी मराठीच्या गरजा हिंदीपेक्षा काही बाबतींत वेगळ्या आहेत. ‘ळ’ हे अक्षर मराठीत नित्य लागते. ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांत अर्ध्या ‘र’चे आडवे वळण लागते, ते रफारापेक्षा वेगळे असून त्यामुळे अर्थभेद होतो. ‘सूर्या’ आणि ‘सुऱ्या’ किंवा ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. इंग्रजी शब्दांसाठी ‘ॲ’ आणि ‘ऑ’ हे स्वर लागतात. ‘ल’ आणि ‘श’ या अक्षरांची मराठीतील रूढ वळणे हिंदीतील वळणांहून निराळी आहेत : मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ रूढ आहे, तर हिंदीत दंडयुक्त ‘ल’ आढळतो.

आधुनिक टंकांत मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवलेली असल्यास मराठी वळणाची अक्षरे आपोआप निवडण्याची सोय करता येते. ही सोय टंकात अंतर्भूत असणे आणि वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरने ती अमलात आणणे या दोन्ही गोष्टी आवश्यक असतात. म्हणून कोणताही देवनागरी टंक मराठी प्रकाशनासाठी निवडताना ‘ल’, ‘श’, ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’ आणि ‘ळ’ यांचा नमुना प्रत्यक्ष छापून किंवा पडद्यावर पाहून घेण्याचा प्रघात अक्षरजुळणीकारांमध्ये आहे.

तांत्रिक बाबी

पॉपिन्स युनिकोडवर आधारित आहे. त्यामुळे त्यात टंकलेला मजकूर शोधता येतो, दुसऱ्या युनिकोड टंकात बदलता येतो आणि पडदावाचक प्रणालींना वाचता येतो. श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या संकेतप्रणालीत साठवलेला मजकूर मात्र आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो.

देवनागरीच्या मात्रा आणि उकार यांना जागा मिळावी म्हणून या टंकातील ओळींचे मूलभूत अंतर अक्षराच्या आकारमानाच्या सुमारे दीडपट आहे. केवळ इंग्रजी मजकुरासाठी हा टंक वापरणाऱ्यांना हे अंतर जास्त वाटते; शिवाय बटणे किंवा चौकटी यांत रोमन मजकूर मध्यभागी न दिसता किंचित सरकलेला दिसतो. संकेतस्थळांचे आरेखन करणारे अनेकदा ओळींमधील अंतर कमी करून हा दोष दूर करतात. परंतु तेच संकेतस्थळ मराठीत उपलब्ध करून दिल्यास वरच्या ओळीतील उकार आणि खालच्या ओळीतील मात्रा परस्परांना भिडण्याची किंवा कापल्या जाण्याची शक्यता असते. मराठी आवृत्तीसाठी ओळींचे अंतर स्वतंत्रपणे ठरवणे त्यामुळे आवश्यक ठरते.

परवाना

हा टंक एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स या परवान्याखाली वितरित केला जातो. त्यानुसार व्यक्ती, संस्था अथवा कंपनी तो विनामूल्य वापरू शकते, दस्तऐवजात किंवा अ‍ॅपमध्ये अंतर्भूत करू शकते आणि त्यात बदलही करू शकते. बदललेला टंक वितरित करायचा असल्यास तो त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. तसेच टंकाची संचिका स्वतंत्र वस्तू म्हणून विकता येत नाही. लहान छापखाने, शाळा, ग्रामपंचायती आणि फलक तयार करणारे व्यावसायिक यांना त्यामुळे कायदेशीर मार्गाने अनेक जाड्यांचे देवनागरी कुटुंब उपलब्ध झाले आहे.

उपयोग

पडद्यावरील वापर

ठळक आकार, मोकळी पोटे आणि अनेक जाड्या यांमुळे पॉपिन्स शीर्षके, बटणे, यादीतील नोंदी आणि आकडेवारी यांसाठी सोयीचा आहे. तो जगभरातील इंग्रजी व इतर रोमन लिपीतील संकेतस्थळांवरही दिसतो. अशा वापरात त्यातील देवनागरी भाग बहुधा वापरलाच जात नाही. समाजमाध्यमांवरील चित्रफलक, निमंत्रणे आणि सादरीकरणे यांतही तो आढळतो.

द्विलिपी फलक : पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसर

मराठी आणि इंग्रजी यांच्या सहवासाचे ठळक उदाहरण म्हणून पुण्याच्या वायव्येकडील आणि उत्तरेकडील औद्योगिक पट्ट्याकडे पाहता येते. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या परिसरात उद्योगांची झपाट्याने वाढ झाली. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. पुढे पुणे-नाशिक महामार्गावरील चाकण परिसरात वाहन उद्योग विस्तारला. बजाज ऑटोचा तेथील कारखाना १९९९ मध्ये, तर फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने २००९ मध्ये सुरू झाले.

या पट्ट्यात कंपन्यांची बोधनामे बहुधा रोमन लिपीत असतात आणि त्यांपैकी अनेक सॅन्स-सेरिफ वळणाची असतात. मराठवाडा, विदर्भ आणि खानदेश येथून तसेच उत्तर भारतातून आलेले कामगार मात्र मुख्यतः मराठी किंवा हिंदी वाचतात. या दोन्ही भाषांची लिपी देवनागरी असल्यामुळे सूचनाफलकांवर तिचे महत्त्व मोठे आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम १०८ मध्ये अधिनियमानुसार लावायच्या सूचना इंग्रजीत आणि कारखान्यातील बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, तसेच त्या प्रवेशद्वाराजवळ सहज दिसतील अशा ठिकाणी लावाव्यात, अशी तरतूद करण्यात आली. विद्युतदाब, रसायने, फिरती यंत्रे किंवा आपत्कालीन मार्ग यांविषयीच्या फलकावर मराठी मजकूर बारीक आणि दाटीचा असेल, तर दोन भाषा असूनही ज्याच्यासाठी तो लिहिला आहे त्या कामगारापर्यंत सूचना पोचत नाही. टंकाची निवड हा येथे केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही.

दुकाने आणि इतर आस्थापनांच्या नामफलकांबाबत महाराष्ट्रात स्वतंत्र तरतूद आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ यात २०२२ मध्ये सुधारणा करण्यात आली. त्यानुसार नामफलक देवनागरी लिपीत मराठीत असणे बंधनकारक आहे. अन्य भाषेतील मजकूरही लिहिता येतो. परंतु मराठी मजकूर आरंभी असावा आणि त्याच्या अक्षरांचा आकार अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावा. कामगारांची संख्या दहापेक्षा कमी असलेल्या आस्थापनांनाही ही अट लागू झाली. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी व्यापाऱ्यांना मराठी नामफलक लावण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली.

आकाराच्या समानतेची ही अट टंकरचनेशी थेट संबंधित आहे. संगणकावर दोन्ही ओळींसाठी एकच आकडा निवडला म्हणजे फलकावरील अक्षरे समान दिसतात असे नाही; टंकात देवनागरीची उंची कमी ठेवलेली असल्यास मराठी ओळ लहानच दिसते. फलकांवरील इंग्रजी नावे बहुधा मोठ्या लिपीत लिहिली जातात. पॉपिन्समध्ये मूळ देवनागरी अक्षर मोठ्या लिपीतील रोमन अक्षरापेक्षा उंच असल्यामुळे एकच आकारमान ठेवल्यावर मराठी नाव इंग्रजी नावापेक्षा बुटके होत नाही. मात्र, वर मात्रा आणि खाली उकार असलेल्या नावांसाठी फलकाच्या उंचीत तेवढी जागा आधीपासून राखावी लागते. ती न राखल्यास फलक बनवताना मराठी ओळ दाबून बसवली जाते आणि टंकात साधलेली समानता प्रत्यक्ष फलकावर नाहीशी होते. रोमन बोधनामाला शोभेल असे देवनागरी नाव तयार करताना पूर्वी रोमन अक्षरांचे तुकडे जोडून देवनागरी अक्षरे बनवण्याचा मार्ग अनेकदा अवलंबला जाई. दोन्ही लिपींसाठी एकत्र आखलेल्या टंकांमुळे त्याची गरज कमी झाली आहे.

मर्यादा

भौमितिक रचनेचे काही तोटे तिच्या गुणांतूनच उद्भवतात. जाड-बारीक रेषांचा भेद नाहीसा झाल्यामुळे अक्षरे परस्परांसारखी दिसू लागतात. ‘व’ आणि ‘ब’ किंवा ‘प’ आणि ‘ष’ या जोड्यांत पोटातील एका रेषेचाच फरक उरतो. ‘घ’ आणि ‘ध’ तसेच ‘भ’ आणि ‘म’ यांतील भेद वरच्या बाजूच्या लहानशा गाठीवर किंवा शिरोरेघेतील खंडावर अवलंबून असतो. आकार लहान आणि जाडी अधिक असल्यास हे तपशील बुजतात.

गोल अक्षरांमुळे शब्दांची रुंदी वाढते. वर्तमानपत्राचा स्तंभ, शब्दकोश किंवा औषधाच्या वेष्टनावरील बारीक मजकूर अशा जागा वाचवण्याच्या ठिकाणी हा टंक सोयीचा ठरत नाही. कादंबरी किंवा वैचारिक ग्रंथ यांच्या दीर्घ वाचनासाठी बोरूच्या वळणाशी नाते राखणारे टंक अधिक पसंत केले जातात. ऋग्वेदातील स्वरचिन्हे किंवा दुर्मीळ संस्कृत जोडाक्षरे आवश्यक असलेल्या ग्रंथांसाठी त्या कामासाठीच तयार केलेले टंक वापरणे इष्ट असते.

इतर टंकांशी तुलना

मुक्त परवान्याखालील समकालीन देवनागरी टंकांपैकी हिंद हा इंडियन टाइप फाउंड्रीचाच टंक पडद्यावरील मजकुरासाठी आखलेला असून त्याची अक्षरे तुलनेने अरुंद आहेत. मुंबईतील एक टाइप या संस्थेचा मुक्ता हा टंक सॅन्स-सेरिफ असला तरी त्याचे वळण हस्तलेखनाला अधिक जवळचे आहे. त्यामुळे सलग मजकुरात तो सुवाच्य राहतो. त्याच संस्थेचा बलू हा जाड आणि गोलसर टंक शीर्षके व वेष्टने यांसाठी योग्य आहे. गूगलच्या नोटो मालिकेतील नोटो सॅन्स देवनागरी या टंकाचा भर व्यापक लिपी-समर्थनावर आहे.

या टंकांच्या तुलनेत पॉपिन्सचे वेगळेपण त्याच्या वर्तुळाधारित आखीव रचनेत आणि दोन लिपींमधील एकरूपतेत आहे. शीर्षकासाठी पॉपिन्स आणि खालील सलग मजकुरासाठी मुक्ता किंवा हिंद अशी जोडी करता येते. त्यामुळे भौमितिक अक्षरांचा ठळकपणा राखूनही दीर्घ मजकुराची वाचनीयता टिकते.